पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल: 'मूळ' नाउआ कथा नेमकी कोणती?

झुंजुमुंजु

मेक्सिकोतल्या ज्वालामुखींच्या नाउआ (नावात्ल भाषा बोलणारे तिथले मूळ लोक) दंतकथांवर दिवाळी अंकासाठी लेख करायचा आहे, साधारण दीड हजार शब्दांचा. सगळीकडे सापडते ती गोष्ट अशी: इस्ता राजकन्या, पोपोका योद्धा. बाप म्हणतो, ओआहाकाची लढाई जिंकून ये, मग लग्न लावून देतो. मागे एक जळकुटा प्रतिस्पर्धी पोपोका पडल्याची खोटी बातमी आणतो, ती झुरून मरते. तो जिंकून परत येतो, तिला डोंगरावर निजवतो आणि मशाल पेटवून शेजारी बसतो. देव दोघांचे डोंगर करतात. ती बर्फाखाली झोपलेली, याच्या मशालीचा धूर अजून निघतोय.

तपशील मात्र दर ठिकाणी वेगळा. बाप कुठे अ‍ॅझ्टेक सम्राट, तर कुठे त्लाश्कालाचा सरदार. मला हवं ते असं: यातलं जुनं किती आणि नंतर चिकटलेलं किती? इतर ज्वालामुखींच्या अशा कथा आहेत का? चित्रकाराला दोन्ही डोंगर कसे मांडायला सांगू? आणि ही नावं देवनागरीत लिहायची कशी? एकाच लेखात तीन स्पेलिंगं होऊन बसली आहेत.

बखरनवीस

'मूळ' म्हणजे सोळाव्या शतकात नावात्ल बोलणाऱ्यांकडून लिहून घेतलेलं, असं धरू. मग तुमच्या कथेतला एकच धागा जुना निघतो: हे दोन डोंगर नवरा-बायको आहेत. त्लाश्कालाचा इतिहास लिहिणारा दिएगो मुन्योस कामार्गो सांगतो की लोक ज्वालामुखीला आणि शेजारच्या हिमशिखराला देव मानत, आणि ती दोघं नवरा-बायको आहेत असं म्हणत. बस, एवढंच. लढाई नाही, खोटी बातमी नाही, मशाल नाही. लग्नाआधी मेलेली राजकन्या तर नाहीच नाही. त्याच्या लेखी संसार चालू आहे.

डोंगरांची सोयरीक त्याच्याकडे आणखी एका ठिकाणी येते. पावसाचा देव त्लालोक, त्याची बायको शोचिकेत्साल. तिला तेस्कात्लिपोका या दुसऱ्या देवाने पळवली, मग त्लालोकने मात्लालकुयेशी संसार मांडला. मात्लालकुये म्हणजे 'निळ्या परकराची', आज नकाशावर जिला ला मालिंचे म्हणतात तोच त्लाश्कालाचा ज्वालामुखी. वियोग-मीलनाचं नाट्य हवंच असेल तर खरं जुनं हे आहे, पण त्यावर कुणी लिहीत नाही.

आता 'डोंगर कसा झाला' या प्रश्नाबद्दल. जुन्या नाउआ मजकुरात हा प्रश्न फारसा विचारलेलाच नाही. तिथे प्रश्न असतो डोंगराच्या पोटात काय आहे हा. सहागून या स्पॅनिश पाद्र्याच्या बारा ग्रंथांच्या संग्रहात (हस्तलिखित १५७७च्या सुमारास पुरं झालं, आज फ्लॉरेन्समध्ये आहे) अकराव्या ग्रंथात म्हटलंय की डोंगर वरून माती-दगडाचे दिसतात, पण आतून ते पाण्याने भरलेल्या रांजणासारखे किंवा घरासारखे आहेत, आणि फुटले तर जग बुडेल. गावाला नावात्लमध्ये शब्दच 'आल्तेपेत्ल', म्हणजे आत्ल + तेपेत्ल, पाणी + डोंगर. त्यामुळे पोपोकातेपेत्ल हा त्यांच्यासाठी आधी पावसाचा डोंगर, मग आगीचा. मराठी लेखात नेमकं हेच उलटं होतं, कारण 'ज्वालामुखी' हा आपला शब्दच आगीपासून सुरू होतो.

आगीचा संबंध येतो तो वेगळ्या कथेत, सूर्यांच्या, म्हणजे एकामागून एक आलेल्या युगांच्या, कथेत. तिसरा सूर्य 'नावी कियावित्ल', म्हणजे चार-पाऊस. त्या युगाचा शेवट आगीच्या पावसाने झाला. 'सूर्यांची कथा' या १५५८च्या नावात्ल मजकुरात ते युग ३१२ वर्षं टिकलं (सहा वेळा ५२, ५२ वर्षांचं त्यांचं एक चक्र), एका दिवसात जळालं आणि माणसांच्या टर्की झाल्या. क्वाउतित्लानच्या बखरीत याच युगाबद्दल जे वाक्य आहे ते लेखात अवश्य घ्या: तेव्हा वाळूचा पाऊस पडला, आज विखुरलेले दिसतात ते बारीक दगड तेव्हा पडले, तेसोन्त्ली उकळला आणि खडक लाल झाले. तेसोन्त्ली म्हणजे लाल, भोकाभोकांचा, हलका ज्वालामुखी दगड. मेक्सिको सिटीच्या जुन्या इमारती त्याच्याच आहेत. ज्वालामुखी खडक असा का दिसतो याचं जुनं नाउआ स्पष्टीकरण हवं असेल तर ते हे, राजकन्येचं नव्हे.

प्रेमकथा आजच्या रूपात घट्ट झाली ती स्वतंत्र मेक्सिकोत, राष्ट्राला 'आपलं' प्राचीन काही हवं होतं त्या काळात. सातुर्निनो एर्रानने १९१०च्या सुमारास तिच्यावर तीन भागांचं चित्र केलं. होसे सान्तोस चोकानो या पेरूच्या कवीने त्यावर कविता लिहिली. १९४०च्या दशकात हेसूस एल्गेराचं चित्र कॅलेंडरवर छापून घरोघर गेलं: पिळदार योद्धा, पिसांचा टोप, समोर निपचित तरुणी. आज जालावर दिसतं ते बहुतेक या कॅलेंडरचं वंशज. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापील तसबिरींनी देवादिकांचे चेहरे ठरवून टाकले, तसंच.

नावावरूनही हे कळतं. 'पोपोका' हे क्रियापद आहे: धूर सोडतो. माणसांच्या नावात ते येतं, पण जोडून. तेनोच्तित्लानच्या (अ‍ॅझ्टेकांची राजधानी) एका राजाचं नाव चिमालपोपोका, म्हणजे धुमसती ढाल. नुसता 'पोपोका' नावाचा योद्धा म्हणजे डोंगराच्या नावाची शेपटी कापून केलेला माणूस. आणि डोंगराचंही हे नाव कायमचं नव्हतं. आमेकामेकाचा चिमालपाइन, जो स्वतः नावात्लमध्ये लिहायचा, जुनं नाव देतो शाल्लिकेवाक, जिथून वाळू उडते ते.

लेखात सरळ लिहा: 'आज मेक्सिकोत सांगितली जाणारी कथा'. 'अ‍ॅझ्टेक पुराणात असं आहे' लिहिलंत की फसलात. आणि बाप कोण, या भानगडीत एक बाजू निवडू नका. त्लाश्काला हे अ‍ॅझ्टेकांचं शत्रुराज्य होतं. दोघंही तिला आपली मुलगी म्हणतात यातच कथेचं राजकारण आहे, ते एका वाक्यात सांगून टाका.

लाव्हारस

चित्रकारासाठी.

मेक्सिको सिटीकडून, म्हणजे पश्चिमेकडून पाहिलं तर इस्ताक्सिवात्ल डावीकडे (उत्तरेला) आणि पोपोकातेपेत्ल उजवीकडे (दक्षिणेला). बाई उताणी निजलेली आहे. डोकं उत्तर टोकाला, मग छाती, मग गुडघे, पाय दक्षिणेला. गिर्यारोहकही शिखरांना ला काबेसा (डोकं), एल पेचो (छाती), लोस पिएस (पाय) असंच म्हणतात. सगळ्यात उंच भाग छातीचा, सुमारे ५,२०० मीटर. म्हणजे पोपो तिच्या पायाशी आहे. बहुतेक चित्रांत तो उशाशी बसवतात आणि इथेच चूक होते. पुएब्लाच्या बाजूने, पूर्वेकडून चित्र काढणार असाल तर सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं: पोपो डावीकडे, तिचं डोकं उजवीकडे. पाय त्याच्याकडे ते दोन्हीकडून.

आकार. पोपो उंच (सुमारे ५,४०० मीटर) आणि जवळजवळ नीट शंकू, वर उघडं विवर. इस्ता शंकू नाहीच, अनेक जुन्या ज्वालामुखींची एकावर एक चढलेली लांब रांग आहे. तिची बाईसारखी बाह्यरेषा आली ती त्यामुळेच. दोन शिखरांत सोळा-सतरा किलोमीटरचं अंतर, मध्ये खिंड: पासो दे कोर्तेस, साधारण ३,७०० मीटरवर. १५१९मध्ये स्पॅनिश सेनापती कोर्तेसची फौज इथूनच तेनोच्तित्लानकडे उतरली. चित्रात दोघं एकमेकांना खेटून दाखवतात तसं नाही, मध्ये चांगली मोठी खोगीर आहे.

धूर फक्त पोपोतून. इस्ता शांत आहे. पोपोही विसाव्या शतकात बराच काळ गप्प होता, २१ डिसेंबर १९९४ला पुन्हा जागा झाला. डिसेंबर २०००मध्ये मोठा उद्रेक होऊन हजारो लोक हलवावे लागले. मे २०२३मध्ये धोक्याचा इशारा (हिरवा, पिवळा, लाल असा असतो) पिवळ्याच्या तिसऱ्या टप्प्यावर नेला होता. तेव्हा 'धूर अजून निघतोय' हे वाक्य आज खरं आहे. पण १९८० साली लिहिलं असतं तर कवीची सवलत म्हणावी लागली असती.

बर्फाबद्दल जपून लिहा. 'पांढरी बाई' (इस्ताक = पांढरी, सिवात्ल = बाई) हे नाव बर्फावरून, पण ती चादर विरत चालली आहे. तिच्या पोटाजवळची आयोलोको हिमनदी २०१८मध्ये संपली असं जाहीर झालं आणि २०२१मध्ये तिथल्या खडकावर तशी पाटी बसवली. आयोलोको म्हणजे 'पाण्याच्या हृदयात'. बखरनवीस यांनी पाण्याच्या रांजणाचं सांगितलं, त्याला हे जोडून घ्या. हिवाळ्यात ताजं हिम पडतं, त्यामुळे फोटोत पांढरं दिसतं. बारमाही बर्फ वेगळं.

झुंजुमुंजु

पाय त्याच्याकडे! चित्रकाराचं कच्चं रेखाटन आलंय, त्यात उशाशीच आहे. कळवते आजच.

दोन शंका. ओरिसाबाच्या शिखराबद्दल एक कथा सापडली: ओल्मेक (नाउआंच्या खूप आधीची संस्कृती) योद्धी नावानी आणि तिचा पक्षी अविलिसापान, ती लढाईत पडते, पक्षी उंच झेपावून जमिनीवर कोसळतो आणि तिथे ज्वालामुखी उभा राहतो. ही जुनी आहे का? आणि पारिकुतिन घेऊ का? शेतात उगवलेला ज्वालामुखी म्हणून वाचकाला आवडेल.

आडवाट

पारिकुतिन गाळा. २० फेब्रुवारी १९४३ला दिओनिसियो पुलिदोच्या मक्याच्या शेतात भेग पडली आणि डोंगर उगवला, हे सगळं खरं, पण ते मिचोआकानमध्ये, पुरेपेचा लोकांच्या मुलखात. पुरेपेचा भाषेचा नावात्लशी सुतराम संबंध नाही. 'नाउआ दंतकथा' शीर्षकाखाली तो घातला तर कोकणातल्या दशावतारावरच्या लेखात यक्षगान घातल्यासारखं होईल.

ओरिसाबाची कथा ऐकायला छान आहे, पण पक्ष्यापाशी अडते. अविलिसापान हे पक्ष्याचं नाव नाही, जागेचं आहे. शेवटचा '-पान' म्हणजे 'वर, -ठिकाणी', मध्ये 'आ' म्हणजे पाणी. एकूण अर्थ आनंदाच्या, खेळत्या पाण्याची जागा. स्पॅनिश तोंडात त्याचं ओरिसाबा झालं. म्हणजे आधी गावाचं नाव, मग कुणीतरी त्याचा पक्षी केला. शिवाय पात्रं ओल्मेक आणि नावं नावात्ल, हे जुळत नाही. 'लोकप्रिय कथा' म्हणून दोन ओळी द्या, त्याच्यापुढे जाऊ नका. त्या डोंगराला जुन्या मजकुरात पोयावतेकात्ल म्हणतात. सित्लाल्तेपेत्ल, ताऱ्याचा डोंगर, हे दुसरं नाव. सुमारे ५,६०० मीटर, मेक्सिकोतला सगळ्यात उंच.

घेण्यासारख्या दोन. त्लाश्कालात मालिंचेच्या पायथ्याशी क्वात्लापांगा नावाची छोटी टेकडी आहे. क्वा म्हणजे डोकं, त्लापाना म्हणजे फोडणे: डोकं फुटलेला. गावकरी त्याला मालिंत्सीवर, म्हणजे मालिंचेवरच, भाळलेला तरुण म्हणतात. टेकडीचा माथा पाहिला की नाव का पडलं ते कळतं. ही तिथल्या मातीतली वाटते, कारण एवढ्याशा टेकडीवर कॅलेंडर काढायला कोणी येत नाही.

दुसरी तोलुकाच्या ज्वालामुखीची, शिनान्तेकात्लची. सुमारे ४,६८० मीटर, पण माथा सपाट, विवरात दोन तळी: सूर्य आणि चंद्र. कथा म्हणते की त्याचा आणि पोपोचा इस्तावरून झगडा झाला, एकमेकांवर दगड आणि बर्फ फेकले, शेवटी पोपोने त्याचं मुंडकं उडवलं. तोलुकाचा माथा बसका आणि पोपोचा टोकदार, हे बघूनच रचलेली, ढोबळ पण कामाची कथा. त्या तळ्यांत पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांना कोपालच्या धुपाचे गोळे आणि विजेच्या आकाराचे, सापासारखे लाकडी दंड मिळाले आहेत. म्हणजे विवरात लोक जायचे ते पावसासाठी. तोंडी कथेत प्रेमातली मारामारी, तळ्याच्या तळाशी पावसाचा नवस. दोन्ही शेजारी ठेवा, वाचक स्वतः काय ते समजेल.

जागा उरली तर निकाराग्वाचं ओमेतेपे. ओमे = दोन, तेपेत्ल = डोंगर. सरोवरातलं दोन ज्वालामुखींचं बेट, कोन्सेप्सिओन आणि मादेरास. नाव नावात्लच, कारण नाउआ लोक तिथवर गेले होते. ओमेतेपेत्ल आणि नाग्रान्दो या प्रेमिकांची कथा तिथे सांगतात: तिच्या छातीचे दोन ज्वालामुखी झाले, नाग्रान्दोचं सापातेरा बेट झालं. साचा ओळखीचा वाटला ना? म्हणूनच एका परिच्छेदात आटपा.

पाटावरवंटा

कुणी पिठाच्या डोंगरांचा विषय काढला नाही म्हणून लिहिते. लेखात प्रेमकथेपेक्षा याला जागा द्या, कारण ज्वालामुखीशी लोक प्रत्यक्ष कसे वागायचे ते इथे दिसतं, आणि मराठी घरात यातला मुख्य जिन्नस डब्यात आहे: राजगिरा. धान्याचा राजगिरा मूळचा अमेरिका खंडातलाच. त्यांच्या भाषेत वावत्ली.

तेपेइल्वित्ल (डोंगरांचा सण) आणि आतेमोस्त्ली या दोन महिन्यांत घरोघर डोंगरांच्या छोट्या मूर्ती करत. नाव तेपिक्तोतोन, 'घडवलेले चिमुकले'. पोपोकातेपेत्ल, इस्ताक्सिवात्ल, मात्लालकुये, पोयावतेकात्ल वगैरे. कुणी करायच्या? ज्याला संधिवात, लुळेपणा, मान आखडणे असले गारठ्याचे आजार झालेत त्याने नवस म्हणून. हे आजार डोंगरावरून येतात असा समज होता. पीठ 'त्सोआल्ली': भाजून दळलेला राजगिरा, मागेय (घायपाताच्या जातीतली वनस्पती) च्या रसाच्या काकवीत मळलेला. डोळ्यांना काळे घेवडे, दातांना भोपळ्याच्या बिया. अंगावर कागदाचे कपडे, त्यावर रबराचे ठिपके. समोर इवल्याशा ताटल्यांत इवलेसे तामाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके).

रात्रभर गाणीबजावणी, मग पहाटे त्सोत्सोपास्त्लीने, म्हणजे विणकरणीच्या मागावरच्या हातपट्टीने, मूर्तीची छाती उघडायची, काळीज काढायचं, मान कापायची. तुकडे वाटून खायचे, कागद अंगणात जाळायचे. हत्यार म्हणून सुरा नव्हे, बायकांच्या कामाची पट्टी, हे लक्षात ठेवा. दुरान हा दुसरा लेखक सांगतो की मधोमध पोपोकात्सिन (पोपोकातेपेत्लचंच आदराचं रूप) आणि भोवती बाकीचे डोंगर मांडत. देवाची मूर्ती करून खाणं पाद्र्यांना आपल्या प्रसादविधीची विटंबना वाटली, त्यामुळे त्यांचा या पिठावर विशेष राग.

अंकासोबत मुलांसाठी कृती द्यायची असेल तर जमते. राजगिरा फुलवायला कढई चांगली तापवा, एका वेळी एकच मोठा चमचा दाणे, फडक्याच्या बोळ्याने हलवत राहा. दहा-पंधरा सेकंदांत फुलतात. कढई कमी तापली तर दाणे फुलत नाहीत, नुसते लाल होऊन कडवट लागतात. जास्त टाकले तर खालचे करपतात, वरचे तसेच. तयार लाह्या आणल्या तरी चालतील, पण चाळून घ्या, न फुटलेला दाणा दाताखाली खड्यासारखा येतो. १०० ग्रॅम लाह्या मिक्सरमध्ये फिरवून पीठ करा. त्यात कोमट काकवी ७० ग्रॅमपासून सुरू करून थोडी थोडी घाला. पीठ थालीपिठाच्या गोळ्यापेक्षा घट्ट हवं. लाडवासारखा गुळाचा पाक करू नका: पाक थंड होताना कडक होतो, गोळा पाच मिनिटांत दगड बनतो आणि नाक-डोळे काढायला वेळच मिळत नाही. काकवीचं पीठ मऊ राहतं. सैल झालं तर शंकू रात्रभरात बसतो. मध्ये एक काडी उभी खुपसा. सणात मूळ लोकही काही मूर्ती लाकडाच्या मुळ्यांवर पीठ थापून करायचेच.

इस्ताक्सिवात्ल करताना वरचा 'पाय त्याच्याकडे' विसरू नका.

झुंजुमुंजु

हे मी चौकटीत घेणार. आता फक्त नावं राहिली.

दंत्यच

नावांचं. आधी कुठल्या उच्चाराने लिहिताय ते ठरवा, नावात्ल की स्पॅनिश, आणि शेवटपर्यंत तोच पाळा. तीन स्पेलिंगं होतात ती इथे घोटाळा झाल्याने.

स्पॅनिश लिपीत 'hu' दिसलं की व. त्यातला 'h' स्वतंत्र नाही, म्हणून भाषा नाहुआत्ल नव्हे, नावात्ल. लोकांसाठी मात्र 'नावा' लिहिलं की मराठीत घोळ होतो ('नावाचा', 'नावाला'), म्हणून लोक नाउआ, भाषा नावात्ल, ही इथे सगळ्यांनी आपसूक पाळलेली वाट ठीक आहे. 'x' म्हणजे श: शोचिकेत्साल, शिनान्तेकात्ल. 'z' म्हणजे स; ज किंवा झ कधीच नाही. 'c' पुढे इ-ए असेल तर स, एरवी क. 'qu' पुढे इ-ए असेल तर क. जोड 'll' म्हणजे खराच दुहेरी ल्ल, स्पॅनिशसारखा य नाही.

'tz' हा मराठी माणसाला फुकट मिळालेला उच्चार आहे: 'चाक', 'चोर' मधला दंत्य च. पण लिहिताना गंमत होते. मराठीत इ-कारापुढे च आपोआप तालव्य होतो ('चिंच'), त्यामुळे 'पोपोकाचिन' लिहिलंत तर वाचक चुकीचा च वाचणार. म्हणून त्सिन लिहा.

'tl' हा एकच ध्वनी आहे. जीभ त च्या जागी लावून हवा दोन्ही बाजूंनी सोडायची, घोष नाही, शेवटी स्वर नाही. 'टल' किंवा 'तल' लिहिलं की आपला वाचक मध्ये अ घालून 'पेतल' म्हणतो. त्ल असं जोडाक्षरच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे चौकटीत उच्चार सांगा. आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर: पोपोकाTEपेत्ल असा ठळक ठसा देवनागरीत दाखवता येत नाही, तेव्हा 'ते'वर जोर असं शब्दांत लिहा. स्पॅनिशमुळे 'सीवात्ल' असा दीर्घ ईकार दिसतो. नावात्लमध्ये तो ऱ्हस्व, म्हणून इस्ताक्सिवात्ल.

आणि '-त्सिन' हे प्रेमाचं-आदराचं शेपूट आहे, आपल्या '-जी', '-राव', '-बाई' सारखं. पोपोकात्सिनचं मराठी 'धुमसतेराव' करावंसं वाटेल. मोह आवरा.

बखरनवीस

दंत्यच, 'TE' रोमन आलंय तुमच्याकडून, अंकात जाऊ देऊ नका. :)

झुंजुमुंजु, एक राहिलं, आजचं. पुएब्लातल्या सान्तियागो शालित्सिन्त्ला गावात पोपोला 'दोन गोयो' म्हणतात ('दोन' हा आकडा नव्हे, स्पॅनिशमधला आदराचा 'डॉन'). गोयो हे ग्रेगोरियोचं लाडकं रूप. १२ मार्चला, संत ग्रेगोरीच्या दिवशी, लोक वर चढून त्याला वाढदिवसाची भेट देतात: फुलं, फळं, मोले (मिरच्या-मसाल्याचा रस्सा), दारू, आणि कपडे, सदरा-पँटसकट. इस्ता ही रोसिता, तिचा मान ३० ऑगस्टला, लिमाच्या संत रोसाच्या दिवशी. हे काम तिएम्पेरो करतात. ज्याच्यावर वीज पडून तो वाचला, तो या कामासाठी निवडला गेला असं मानतात. त्याचं काम पाऊस बोलावणं आणि गारपीट शेतावरून वळवणं.

म्हणजे सोळाव्या शतकातले नवरा-बायको अजून तेच आहेत, मागणंही तेच, पाऊस. फक्त नावं बदलली. लेखाची सुरुवात राजकन्येपासून न करता त्या सदरा-पँटपासून करा. 'वर कुणासाठी कपडे नेताहेत?' म्हणून वाचक पुढे वाचेल.

झुंजुमुंजु

सुरुवात बदलली. चित्रकार म्हणतात पोपोला पायाशी हलवतो, पण मग मशालीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडत नाही. मशालच काढून टाका म्हटलं, जुन्या मजकुरात नाहीच आहे.